सोबत आचारी

माझ्या बाबांची सुट्टीची कल्पना अगदी साधी होती. सकाळी अंगणात खुर्ची टाकायची आणि संध्याकाळपर्यंत ती जागची हलू द्यायची नाही. ते लाल गाडीवर कंडक्टर होते. नांदेड, परभणी, वाशीम, पुन्हा नांदेड, असा त्यांचा बहुतेक जन्म उभ्यानंच गेला. त्यामुळे पायाखालची जमीन गप्प असणं हीच त्यांना मोठी चैन वाटायची. सुट्टीच्या दिवशी ते चहा खुर्चीत मागवायचे, पेपर खुर्चीत मागवायचे, आणि दाढी करायला आरसासुद्धा खुर्चीतच मागवायचे.

आईचं सगळं उलटं. तिचं माहेर शिरड शहापूर आणि सासर हिंगोली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिचा प्रवास या दोन गावांच्या मध्येच झाला. बाबा रोज इतके किलोमीटर फिरायचे आणि आई शिरडच्या पुढं सरकत नाही, हे मला लहानपणापासून खटकायचं. बाबांना ते कधी खटकलं नाही. घरात फिरणारा एक माणूस असला की घराचा फिरण्याचा कोटा पूर्ण झाला, असं त्यांचं मत असावं.

तरीही उन्हाळा लागला की 'कुठंतरी जायचं' हा विषय आमच्या घरात निघायचाच. आमचं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आणि सुट्टीत फिरायला जाणारे लोक नोकरदारांच्या कॉलनीत नुकतेच दिसायला लागले होते. ते परत आले की दारोदार प्रसाद आणि फोटो दाखवत हिंडायचे. आमच्याकडे दाखवायला काही नसायचं. मग आई दोन दिवस गप्प राहायची, आणि तिसऱ्या दिवशी बाबा खुर्चीतून म्हणायचे, "आपल्याकडं पास हाय. कुटं जायचं तं सांगा."

पास म्हणजे कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला मिळणारा लाल गाडीचा मोफत पास. बाबांना त्याचा फार अभिमान. त्यांच्या मते जगात प्रवासाची एकच पद्धत होती: पास घ्यायचा, लाल गाडीत बसायचं, डेपोतल्या विश्रांतिगृहात उतरायचं, आणि घरून नेलेलं खायचं. बाकी सगळे लोक नुसते भटकत होते.

मी पाचवीत असताना आम्ही या पद्धतीनं वेरूळ-अजिंठ्याला गेलो. निघायच्या आधी दोन दिवस आई चुलीपुढून उठली नाही. दशम्या झाल्या, धपाटे झाले, शेंगदाण्याची चटणी झाली, तळलेल्या मिरच्या झाल्या. शिवाय पिठाचा डबा, पंपाचा स्टोव्ह, तवा आणि परात. आम्ही फिरायला निघालोय की घर बदलतोय, हे शेजाऱ्यांना कळेना.

गाडीत बसल्यावर बाबांचं वेगळंच सुरू झालं. त्यांना बसता येईना. जिंतूर यायच्या आत ते तीनदा उठले. एका म्हाताऱ्याला जागा दिली, मग दुसऱ्याची टोपली वर ठेवली, मग दारातल्या लोकांना पुढं सरकवलं. त्या गाडीचा कंडक्टर बिचारा नवा होता. बाबांनी त्याला तिकिटांचा ट्रे कसा धरावा म्हणजे खांदा दुखत नाही, हे उभ्या उभ्या शिकवलं. उतरताना प्रवाशांनी सुट्टे पैसे बाबांनाच मागितले.

डेपोच्या विश्रांतिगृहामागं आईनं स्टोव्ह पेटवला, कारण तोवर दशम्या वाळून कडक झाल्या होत्या. पिठल्याचा वास सुटला, आणि आत झोपलेले दोन ड्रायव्हर आणि तीन कंडक्टर एक-एक करत बाहेर आले. बाबांनी मोठ्या मनानं सगळ्यांना जेवायला बसवलं. "घरचं समजा," ते म्हणाले. आईनं पाच परक्या माणसांच्या भाकरी थापल्या आणि स्वतः उरलेल्या दशमीचा तुकडा पाण्यात बुडवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी लेण्यातल्या बुद्धापुढं ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, "हाताला कांद्याचा वास येऊन राहिला होता गं. लाज वाटली मला." मी हे बाबांना सांगितलं नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं.

प्रवासाची दुसरी पद्धत काकाची. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याचं वसमतला ट्रॅक्टरच्या पार्टांचं दुकान होतं आणि एका दोस्ताची जीप त्याला केव्हाही मिळायची. लाल गाडीला तो हसायचा. "दादा, तुमची गाडी ठरल्या जागी थांबती. प्रवास म्हंजे मनाला आलं तिथं थांबायचं," असं त्याचं तत्त्व होतं. थांबायचं कशासाठी, तर झाडाखाली चूल मांडून स्वयंपाक करायला. उघड्यावरच्या स्वयंपाकाचं काकाला भयंकर वेड. त्यात तो काय करायचा, तर तीन धोंडे आणायचा. धोंडे आणले की त्याचा भाग संपला. मग तो उताणा पडून आभाळाकडं बघत म्हणायचा, "घरच्या जेवणाला ही मजा न्हाई."

या पद्धतीनं आम्ही चिखलदऱ्याला गेलो. जीपमध्ये चौदा जण होतो. काकू आणि आई मागच्या बाजूला पिठाच्या डब्यांत बसल्या होत्या, म्हणजे डबे त्यांच्या मांडीवर होते. वाटेत काका चार ठिकाणी थांबला आणि चार ठिकाणी चूल पेटली. वारा असा फिरायचा की धूर नेमका भाकरी करणारीच्या तोंडावर यायचा. चिखलदऱ्याचे पॉइंट की काय ते मी पाहिले, पण आईनं पाहिले असतील असं वाटत नाही. काकानं कॅमेरा आणला होता. त्या सहलीचे चार फोटो आमच्याकडे आहेत. एकात सगळे पुरुष दरीच्या कडेला उभे आहेत, आणि उरलेल्या तिन्हींत मागं कुठंतरी चुलीवर वाकलेल्या आईची पाठ आहे. ती पाठ बघून काका दरवेळी म्हणायचा, "वहिनी किती रमल्या होत्या बघा."

मी अकरावीत गेले त्या उन्हाळ्यात पेपराच्या घडीतून एक गुलाबी कागद आमच्या घरात पडला. हिंगोलीच्याच एका कापड दुकानदारानं यात्रांचा जोडधंदा सुरू केला होता. कागदावर वर मोठ्या अक्षरांत हंपी, म्हैसूर, उटी असं छापलं होतं. मी तेवढं वाचून कागद खाली ठेवला. आई सातवी शिकलेली होती आणि हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची. तिनं अगदी तळाच्या बारीक ओळीवर नख ठेवलं आणि मला हाक मारली. तिथं लिहिलं होतं: 'सकाळी चहा-नाष्टा, दोन वेळ गरम जेवण. सोबत आचारी.'

"हे खरं असतंय का?" तिनं विचारलं.

"असेल. छापलंय म्हणजे असेल."

"आपन बसायचं आन् त्यो वाढनार?"

मी हो म्हणाले. ती कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला उटीबिटी काई न्हाई पायजे. बसल्या जागी गरम पुरी पायजे. कुनीतरी आनून ताटात टाकलेली."

मी म्हटलं, लग्नाकार्यात मिळतच असेल की. त्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझी अक्कल मला कळली. भावकीतल्या प्रत्येक लग्नात ती पुऱ्या लाटणाऱ्यांत असायची. "माझ्या सोताच्या लग्नात वाढली व्हती," ती आठवून म्हणाली. "पन मला रडू येऊन राहिलं व्हतं. खाल्लीच न्हाई. नंतर लई दिस त्या पुरीची याद येत व्हती." एवढं बोलून तिनं कागदाची घडी केली, कॅलेंडरच्या मागं खोचली, आणि वर मला बजावलं, "तुझ्या बापाला सांगू नको. म्हनतीन, उपाशी ठेवलं का मी तुला."

मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून माझं डोकं तापलेलं होतं. एका बाईला वीस वर्षांत एक गरम पुरी मिळू नये, आणि ती मिळवायला म्हैसूरपर्यंत जावं लागावं, हे मला काही केल्या पटेना.

पंधरा दिवसांनी काका वसमतहून आला, तो नवी योजना घेऊनच. जीपनं तोरणमाळ. बाबा खुर्चीत होते. त्यांनी लगेच पास काढला आणि महाबळेश्वर सांगितलं. दोघं भाऊ अंगणात भांडायला लागले. काका म्हणे, लाल गाडीत माणूस पार्सल होतो. बाबा म्हणे, तुझ्या जीपला दार लागत नाही, चौदावा माणूस अर्धा बाहेर असतो, माझ्या गाडीत असता तर मी बेल मारली नसती. काका म्हणे, रानात चूल मांडण्याची मजा तुम्हाला काय कळणार. बाबा म्हणे, डेपोच्या नळाला चोवीस तास पाणी असतं, ते तुझ्या रानात आहे का. तासभर हे चाललं. दोघांचंही म्हणणं असं की आपल्याच पद्धतीत घरच्यांना खरा आराम मिळतो.

आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाबांनी तिला मत विचारलं. म्हणजे त्यांच्या हिशेबानं मतच विचारलं. ते म्हणाले, "महाबळेश्वरला दशम्या किती लागतीन?"

आईनं कपबशा खाली ठेवल्या. "येक इचारू का?" ती म्हणाली. "तुमी सुट्टीत तिकिटं फाडता का?"

"न्हाई," बाबा म्हणाले.

"भाऊजी, तुमी दुकानाची सुट्टी असल्यावर पार्ट इकता का?"

"न्हाई ब्वा."

"मंग म्या काहून भाकरी थापायच्या?"

काका बोलण्यात कधी अडत नसे. तो म्हणाला, "वहिनी, तसं न्हाई. तुमच्या हातच्या भाकरीला जी चव हाय ना..."

"ती चव मला ठावं न्हाई," आई म्हणाली. "माझ्यापर्यंत येईस्तोवर ती गार झालेली असती."

मग तिनं आत जाऊन कॅलेंडरमागचा कागद आणला, बाबांच्या मांडीवर ठेवला, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांनी ती ओळ तिकिटावरचा नंबर वाचावा तशी दोनदा वाचली. त्यांचं तोंड उतरलं होतं. काकानं चहा न पिताच वसमतची वाट धरली.

बाबा तीन दिवस खुर्चीतसुद्धा बसले नाहीत. चौथ्या दिवशी ड्युटीवरून आले आणि खाकी कपडे न काढताच म्हणाले, "त्या कापडवाल्याला सांगून आलो. चौघांचं." चौघं म्हणजे ते, आई, मी आणि धाकटा भाऊ. त्या रात्री भाजीत आईनं दोनदा मीठ घातलं.

बाबांनी हो म्हटलं खरं, पण खासगी गाडीत बसायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पक्षांतर होतं. डेपोत त्यांनी सासुरवाडीला जातो म्हणून सांगितलं. निघायच्या दिवशी सकाळी यात्रेची गाडी नेमकी बसस्टँडच्या समोर येऊन उभी राहिली. बाबा डोक्याला उपरणं गुंडाळून सर्वांत मागच्या सीटवर दडी मारून बसले. भर उन्हाळ्यात त्यांनी उपरण्यानं नाकसुद्धा झाकलं होतं. कुणी ओळखलंही नसतं. पण सगळे चढल्याबरोबर ते सवयीनं उठून उभे राहिले, मोठ्यानं "चलाऽऽ" म्हणाले, आणि त्यांचा हात वर घंटीची दोरी शोधायला गेला. दोरी नव्हती. स्टँडच्या फाटकात विडी ओढत उभा असलेला त्यांचा ड्रायव्हर दोस्त खिडकीखालून म्हणाला, "सासुरवाडी लई लांब दिसती, मास्तर."

नांदेडपर्यंत बाबांनी उपरणं काढलं नाही. आई मात्र खिडकीशी बसून होती आणि तिच्या मांडीवर कुठलाही डबा नव्हता. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नसावं. ती मधूनमधून पदराची घडी घालायची आणि मोडायची. मागच्या बाजूला भांडी वाजत होती, गॅसची टाकी होती, आणि तिथं आचारी बसला होता. जवळा बाजारचा होता तो. लग्नाच्या पंगती उठवून उठवून आवाज बसलेला, आणि पोट असं की गाडीच्या दारातून तो आडवा होऊन चढायचा. त्याला पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. असा माणूस गारढोण वाढणं शक्य नाही.

पहिलं जेवण देगलूरच्या पुढं एका मंगल कार्यालयात होतं. आचाऱ्यानं आणि त्याच्या दोन माणसांनी तासाभरात स्वयंपाक केला. पुऱ्या कढईतून टम्म फुगून निघत होत्या. आता आई बसेल, म्हणून मी बघत राहिले. पट्ट्या अंथरल्या. पुरुष बसले, लेकरं बसली. बायका बसल्या नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. एका म्हातारीनं पाण्याचा जग उचलला, दुसरीनं लोणचं घेतलं, तिसरीनं "आचारीदादा, जिरं जळून राहिलं" म्हणून कढईचा ताबा घेतला, आणि बघता बघता गाडीतल्या सगळ्या बायका कामाला लागल्या. आई कोशिंबीर वाढत होती. माझ्याही हातात कुणीतरी मिठाचं भांडं दिलं. आचारी हात पुसत बाजूला उभा राहिला. त्याला वाटलं असेल, आपल्याला कशाला आणलं.

पुरुषांचं दोनदा घेऊन झालं, तेव्हा बायका बसल्या. पुऱ्या तोवर चामट झाल्या होत्या आणि वरणावर साय धरली होती. मी आईला रागानं म्हटलं, "तू का नाही बसलीस?"

"साऱ्याजनी उभ्या," ती म्हणाली. "म्या येकली कशी बसू?"

रात्री तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांनाही तेच. मला रडू यायला लागलं. आचारी सोबत होता, गरम जेवण होतं, कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी आईच्या ताटात पुरी गारच पडत होती. आठ दिवस असेच जाणार, आम्ही हिंगोलीला परत जाणार, आणि पुन्हा हा विषय घरात कधी निघणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. आईनं आयुष्यात एकदाच मागितलं होतं. ती दुसऱ्यांदा मागणारी बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हंपीच्या अलीकडे एका शाळेच्या व्हरांड्यात पंगत मांडली. शाळेला सुट्टी होती. बाबा हातपाय धुऊन आले आणि दारात उभं राहून त्यांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. हा त्यांचा आजार होता. कुठंही माणसं जमलेली दिसली की ते बसलेले किती आणि उभे किती हे मोजायचे. मयतीला गेले तरी मोजायचे. "बसलेले बावीस," ते पुटपुटले, "उभे सतरा." मग थांबले. पुन्हा मोजलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "साऱ्या बायाच उभ्या हायेत."

जणू मी त्यांच्यापासून ते लपवून ठेवलं होतं. "कालपासून उभ्याच आहेत," मी म्हटलं. "तुम्ही पहिल्या पंगतीत असता ना, म्हणून दिसलं नाही."

मी बाबांशी असं कधी बोलले नव्हते. ते रागावले नाहीत. त्यांची नजर आईकडं गेली. ती खांबाला टेकून, दोन्ही हातांत वरणाची बादली धरून उभी होती. त्या गर्दीत कुणीही तिला उभी प्रवासीच समजलं असतं. बाबांनी उभ्या बाया जन्मभर पाहिल्या होत्या, आणि गाडीत बाई उभी आहे म्हटल्यावर त्यांनी भल्याभल्यांना सीटवरून उठवलं होतं. तालुक्याच्या साहेबाला उठवल्याचं ते आम्हाला नेहमी सांगायचे.

वर्गाच्या खिडकीत खडूचा एक तुकडा पडला होता. बाबांनी तो उचलला. पंगतीच्या पहिल्या पट्टीमागच्या भिंतीवर, वर एक सुंदर कानडी सुविचार लिहिलेला होता, त्याच्या खाली त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'स्त्रियांसाठी राखीव'. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "राखीव जागा रिकाम्या करा."

त्या पट्टीवर आमच्याबरोबरचे एक निवृत्त हेडमास्तर मांडी घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "ही काय गाडी आहे का हो?" ते म्हणाले.

"गाडी उभी हाय, म्हून नियम बदलत न्हाई," बाबा म्हणाले. "गुरुजी, वाचता येतंय ना? उठा."

हेडमास्तर उठले. जन्मभर दुसऱ्यांना उठवणारा माणूस इतक्या पटकन उठेल असं वाटलं नव्हतं. बाकीचे कुरकुरत मागं सरकले. यात्रेचा मालक धावत आला आणि "भाईसाब, झगडा नको" म्हणायला लागला, तर बाबांनी त्यालाही दाराच्या बाजूनं सरकवलं. जागा रिकामी झाली. पण बायका बसेनात. एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. जगवाली म्हातारी म्हणाली, "बसू द्या दादा त्यास्नी. आमी मागून बसतो."

आता इथं सांगायला हवं की कंडक्टर लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं. गाडी भरली की ते म्हणतात, मागून गाडी येऊन राहिली, तिच्यात या. मागं गाडी असो वा नसो. बाबांनी ते वाक्य हजारो माणसांना ऐकवलं असेल. त्या दिवशी ते म्हातारीला म्हणाले, "मागं गाडी न्हाई, माय. हीच हाय. बसा."

म्हातारी बसली. ती बसली म्हणून दुसरी बसली. मग आईच्या हातातली वरणाची बादली बाबांनी काढून घेतली, आणि आई बसली, 'राखीव'मधल्या 'रा'च्या बरोबर खाली. मी तिच्या शेजारी बसले. आचाऱ्याला उत्साह आला. त्यानं कढईतली पुरी झाऱ्यावरून सरळ आईच्या ताटात टाकली. ती फुगलेली होती. आईनं बोटानं तिला भोक पाडलं, तशी आतली वाफ तिच्या बोटावर आली. चांगलंच भाजलं असणार. तिनं बोट तोंडात घातलं आणि हसली. मला आजही सांगता येत नाही इतका आनंद झाला मला.

चार पुऱ्या खाल्ल्या तिनं. मोजल्या मी, तो आजार मलाही आहे.

बाबा वरण वाढत फिरत होते. पुढच्या पंगतीला पुरुष बसले तेव्हा पुऱ्यांची कणीक संपत आली होती, आणि बाबा सगळ्यांत शेवटी बसले तेव्हा संपलीच होती. त्यांच्या ताटात भात आणि लोणचं पडलं. ते पाहून आई लगेच उठायला लागली. "बस," बाबा लांबूनच म्हणाले. "चालत्या गाडीत जागा सोडायची न्हाई." आई बसली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "वरनात मीठ कमीच हाय. पन कुनाला सांगू नको."

पुढचे सहा दिवस ही राखीव जागा रोज लागली. खडूचा तुकडा बाबांनी खिशात ठेवला होता. पुरुष पुटपुटत राहिले, हेडमास्तर मात्र आधीच उठून उभे राहायला शिकले. म्हैसूरचा राजवाडा पाहिला, उटीला सगळे कुडकुडले. परत आल्यावर शेजारणी विचारायला आल्या, काय काय पाहिलं. आईनं सांगितलं, "हंपीला पुरी, म्हैसूरला भरल्या वांग्याची भाजी, उटीला कढी-खिचडी. कढी गरम व्हती." शेजारणींना वाटलं, ती थट्टा करतेय. ती अगदी खरं सांगत होती. या सहलीचे फोटो मात्र आमच्याकडे नव्हते.

परतल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे जेवायला बसलो. बाबा, भाऊ आणि मी ओळीनं, आणि आई तव्यापाशी. तिनं पहिली फुगलेली भाकरी बाबांच्या ताटात टाकली. बाबांनी हात लावला नाही. तिनं दुसरी भावाला वाढली, तिसरी मला. चौथी थापता थापता तिचं लक्ष गेलं.

"खा की," ती म्हणाली. "गार होऊन राहिली."

"होऊ दे," बाबा म्हणाले.

"काहून?"

बाबांना भाकरी थापता येत नव्हती. आचारी आणणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. त्यांना थांबता मात्र येत होतं, तेवढं ते थांबले. भावानं घास मोडला होता, तर त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं तो परत ठेवला. आईनं उरलेल्या भाकरी केल्या, तवा उतरवला, हात धुतले, स्वतःचं ताट घेतलं आणि बाबांच्या शेजारी येऊन बसली. मग आम्ही चौघांनी एकदम जेवायला सुरुवात केली.

भाकरी गार झाली होती. बाबा होते तोवर आमच्या घरात नंतर कुणालाही गरम भाकरी मिळाली नाही, आणि चांगल्या फुगवलेल्या भाकरीची माती करता म्हणून आई रोज कुरकुरायची, आमच्यात बसून.